मोहोळ जाळलेलं घर

मंगळवार पेठेतल्या मगदुमांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली उतरत नाही. दिवस मावळला की अन्नाला कुणी शिवत नाही, का तर दिव्यावरचं एखादं पाखरू ताटात पडेल आणि बिचाऱ्याचा जीव जाईल. अशा या सोवळ्या घरानं एका रात्रीत हजारो जीव जाळले आणि सकाळी अंघोळ करून जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, दर्शनाला गेलं. अक्काताईंचा संताप समजायचा असेल तर एवढं आधी ध्यानात घेतलं पाहिजे.

अक्काताई ही घरमालक अण्णाप्पाची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवण्यात उमर गेली आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. राहायच्या वरच्या मजल्यावर. त्यांच्या मागच्या खिडकीबाहेर, गच्चीच्या स्लॅबखाली, दरवर्षी दिवाळीनंतर आग्या माश्यांचं मोहोळ लागायचं. पावसाळ्याआधी माश्या उठून जायच्या आणि थंडी पडली की परत त्याच स्लॅबखाली हजर. अख्ख्या पेठेत स्लॅब काय कमी होते? पण नाही, त्यांना हाच लागायचा.

वर्गात अक्काताई मुलींना विचारायच्या, "कामकरी माशी दोन-तीन महिने जगते. मग परत आलेल्या बहुतेक माश्यांनी हे घर बघितलेलंच नाही. तरी त्यांना वाट कोण दाखवतं?" कुणी म्हणायचं वास, कुणी म्हणायचं राणी. शास्त्राला ते अजून पुरतं उमगलेलं नाही, असं बाई खुशाल कबूल करायच्या. जन्म झाला ते घर, की जिथं पुन्हा यावंसं वाटतं ते घर, हा प्रश्न त्यांना स्वतःसाठीही पडायचा. उत्तर त्या शोधत बसल्या नाहीत. माश्या येत होत्या, त्याही होत्या, तेवढं त्यांना पुरत होतं.

त्या वर्षी अण्णाप्पाच्या मुलाचं, ऋषभचं लग्न ठरलं. हातकणंगल्याची मुलगी, पवित्रा. साखरपुडा गच्चीवरच करायचा असं ऋषभनं घेतलं डोक्यात. मांडव, बँड, फटाके, आणि खाली मोहोळ. पाहुण्यांना माश्या डसल्या तर, ही भीती काही खोटी नव्हती. अक्काताईंनाही ती पटली. म्हणून त्या म्हणाल्या, "कार्यालयात कर की साखरपुडा. न्हाईतर थांब थोडं. पावसाच्या तोंडाला जात्यात त्या आपल्या आपण."

"बरं अक्का," अण्णाप्पा म्हणाला. "तू म्हणतीस तसं. न्हाई लावत हात."

त्या शब्दावर विसंबून अक्काताई कुंभोजच्या बाहुबली तीर्थाला मुक्कामी गेल्या. परत आल्या तर स्लॅबला काळाकुट्ट डाग, खिडकीच्या गजांना काजळी आणि मागच्या परसात मेलेल्या माश्यांचा ढीग. काही अजून वळवळत होत्या. भावजय निर्मला त्या ढिगावर पाणी मारायची खटपट करत होती.

"कुणी केलं हे?"

अण्णाप्पा बाहेर आला. चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, उलट काम नीट उरकल्याचं समाधान होतं. "आम्ही हात लावला न्हाई, अक्का. शब्द मोडला न्हाई. मोहोळं काढणाऱ्या आकारामला सांगितलं, त्यानं मशाल लावली. आम्ही सगळी दिवस मावळायच्या आत जेवून आत बसलोतो. मध बी घेतला न्हाई, आपल्यात चालत न्हाई. त्यालाच दिला."

अक्काताईंच्या अंगाची लाही लाही झाली. एका पाखरापायी ताट लवकर उरकायचं आणि मग मशालवाल्याला हाक मारायची! पाप आकारामच्या पदरात, मधही त्याच्याच पदरात, आणि हे आपले धुतल्या तांदळासारखे. अक्काताईंना आकारामचा राग आलाच नाही. तो बिचारा सांगितलेलं करून गेला होता.

"लाज वाटती का रं?" त्या ओरडल्या. "घर जाळलंस तू त्यांचं!"

"आत्या, किड्यांसाठी एवढं?" ऋषभ मध्ये पडला. "त्यांचं कसलं घर? घर आपलं हाय."

"तसं बघितलं तर," अण्णाप्पा म्हणाला, आणि इथं तो गप्प बसला असता तर फार बरं झालं असतं, "घर माझं हाय, अक्का. तू ऱ्हातीस, आम्ही काय न्हाई म्हणत न्हाई. पण उगं सांगत बसू नको."

हे घर बांधताना त्याच स्लॅबवर रोज शाळेला जायच्या आधी पाणी मारणारी कोण होती, हे अण्णाप्पाला आठवत नव्हतं असं नाही. अक्काताई वर गेल्या, दार लावून घेतलं आणि मग भिंतीशी बसून रडल्या. रडू दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं.

साखरपुडा झाला, लग्न झालं. अक्काताई वरच आपला स्वयंपाक करू लागल्या. लोक विचारायचे तेव्हा निर्मला सांगायची, वन्सांना जिना सोसत नाही. नात्यातली पोरं कुजबुजायची की आत्या आता आश्रमात जायची.

मग भाद्रपद आला. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस उपास-तापास झाले आणि क्षमावणीचा दिवस उजाडला. या दिवशी लहान-थोर एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभराची क्षमा मागतात. खाली पारण्याची पानं मांडली होती. अक्काताई कित्येक महिन्यांनी जिना उतरून आल्या. सगळ्यांना वाटलं, निवळली एकदाची.

अण्णाप्पा लगबगीनं पुढं आला. हात जोडून म्हणाला, "अक्का, वर्षभरात काय चुकलं-माकलं असंल तर उत्तम क्षमा."

"काय चुकलं?"

"काय असंल ते."

"काय ते सांग की. नाव घे."

नवी सून पवित्रा वाढता वाढता थांबली. ऋषभ भिंतीकडं बघू लागला. अण्णाप्पाचे हात जोडलेलेच राहिले, तोंड मात्र उघडेना. मोहोळ म्हणावं तर ते आकारामनं जाळलं होतं, आणि 'घर माझं' म्हटल्याचं नाव घ्यावं तर ते चुकलं असं त्याला अजूनही वाटत नव्हतं.

"सणाच्या दिवशी कशाला, वन्सं," निर्मला हळूच म्हणाली. "क्षमा म्हणा आणि सोडा."

"न्हाई म्हणणार," अक्काताई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण ओट्यापर्यंत ऐकू गेला. "त्याला मागता येईना, तर मी कशाची देऊ? मी क्षमा करणार न्हाई आणि हे घर सोडून जाणार बी न्हाई. ज्याला जमत नसंल त्यानं उठून जावं."

कुणी उठलं नाही. अक्काताई अण्णाप्पाच्या शेजारच्या, आपल्या नेहमीच्या पाटावर बसल्या आणि पान पुढं ओढून सुनेला म्हणाल्या, "वाढ."