बेपत्तांचा रकाना

“ताई, इथं बोट ठेवा. नेमकं कुठं, ते दाखवा.”

भाग्यश्रीने नकाशा चटईवर पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका टोकावर पाण्याचा तांब्या ठेवला होता. नकाशा वनिताचाच. दहा वर्षांपूर्वी भाच्याच्या, सुमेधच्या, वाढदिवसाला तिनेच तो या घरी आणला होता. नौदलाच्या अधिकाऱ्यांना शिकवताना पस्तीस वर्षं तिने अशा नकाशांवर बोट ठेवलं होतं.

“इथं,” ती म्हणाली.

“किनारा किती लांब?”

“चारशे किलोमीटर.”

“सुमेध पवतो चांगला. पाताळगंगेत शिकलाय.”

वनिताने भावजयीकडे पाहून नुसती मान हलवली.

लोधिवलीतून समुद्र दिसत नाही, जुन्या हमरस्त्यावरचे ट्रक दिसतात. अशा गावची मुलगी आरमाराचा इतिहास शिकायला निघाली, तेव्हा नातेवाइकांनी तिची यथेच्छ थट्टा केली. “होडीत तरी बसलीस का गं कदी?” असं एका मावशीने चारचौघांत विचारलं. वनिता बसली नव्हती. पुढे बसली तेव्हा ओकून ओकून अर्धी झाली आणि पुन्हा म्हणून त्या वाटेला गेली नाही. समुद्र तिने कागदावरच ओळखला. कागदावर मात्र तो तिच्याइतका ओळखणारं माणूस शोधावं लागलं असतं.

तिचा प्रबंध बुडालेल्या जहाजांवरचा. जुन्या नोंदींत मेलेले किती आणि बेपत्ता किती याचा मेळ बसेना, म्हणून तिने एक नियम केला. तीस दिवसांत पत्ता न लागलेला माणूस मृत धरायचा. परीक्षक खूश झाले. नियम तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला, प्राध्यापकी मिळाली, मग सागरी रणनीतीवर सल्ला द्यायला दिल्लीची बोलावणी येऊ लागली. सुमेधला आत्याचं भारी कौतुक. “आत्या, तू नुसती लिवतेस. मी जाऊन येतो,” असं म्हणून तो मालवाहू जहाजावर खलाशी झाला. शिफारसपत्र आत्याचंच होतं. जहाज वादळात बुडालं. अठरा जणांपैकी पंधरा सापडले, काही जिवंत, काही मेलेले. सुमेध त्यांत नव्हता. आजचा दिवस एकतिसावा होता आणि त्याचा अर्थ घरात तिला एकटीलाच ठाऊक होता.

काळूराम बौद्धाचार्य आले आणि भिंतीला टेकून बसले. वस्तीतले लग्नाचे, मरणाचे सगळे विधी तेच करत. वनिताचा धाकटा भाऊ नरेश दाराशी खाली मान घालून बसला होता.

“नरेश, महिना झाला रं,” काळूराम हळू आवाजात म्हणाले. “पुण्यानुमोदनाचा दिवस धराय पायजे. पोराला निरोप तरी नीट मिळू दे.”

“माझं पोर गेलं, असं कोण म्हणतंय?” भाग्यश्री म्हणाली. “कंपनीच्या पत्रात बेपत्ता लिवलंय. ताईंची सारी हयात यातच गेली. त्या सांगतील तेवा मी मानीन.”

सगळ्यांनी वनिताकडे पाहिलं. तसल्या गार पाण्यात माणूस किती तास तग धरतो, हे तिला पाठ होतं. वर्गात ते आकडे ती एका दमात सांगायची.

“तुमच्या पुस्तकात महिन्यानंतर कोण परत आलेलं हाय का?” भाग्यश्रीने विचारलं.

“एक हाय,” वनिता म्हणाली. घरची बोली किती वर्षांनी तिच्या तोंडून आली होती. “सत्तेचाळीस दिवसांनी एका बेटावर सापडला.”

नरेशने मान वर केली. भाग्यश्रीचा चेहरा असा काही उजळला, की आपली जीभ झडली असती तर बरं, असं वनिताला वाटलं.

“किती जणांतला एक?”

खोटं बोलता आलं असतं. पण ही बाई आपल्या एका शब्दाची वाट बघत महिनाभर तगली आहे, हे वनिताला दिसत होतं.

“चार हजारांतला.”

भाग्यश्रीने नकाशावरून हात फिरवला. मग तिने विचारलं, “नाव काय व्हतं त्याचं?”

वनिताला आठवेना. आठवायला काही नव्हतंच. तो एकटा माणूस तक्ता बिघडवत होता, म्हणून तिने त्याला एका ओळीच्या तळटीपेत टाकलं होतं. मूळ नोंदीत त्याचं नाव होतं. तिने ते उतरवून घेतलं नव्हतं. बाकीच्या चार हजारांचंही नाही.

“मी लिवलंच नाय गं.”

भाग्यश्रीने तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि काळूरामांपुढे ठेवलं.

“काका, रविवार धरा.”

दाराशी नरेशला हुंदका फुटला. नकाशाचं मोकळं झालेलं टोक गुंडाळू लागलं, ते वनिताने घाईने दाबून धरलं.

“ताई, आमच्या पोराचं तरी नाव लिवा,” भाग्यश्री म्हणाली.

वनिताने पर्समधून पेन्सिल काढली. जिथे बोट ठेवलं होतं, तिथे बारीक अक्षरांत लिहिलं, सुमेध नरेश गायकवाड, लोधिवली. मग सवयीने मृत्यूच्या तारखेसाठी थांबली.

“तारीख राहू द्या,” भाग्यश्री म्हणाली. “वय लिवा. येत्या पुनवेला पंचवीस पुरी व्हतील त्याला.”

वनिताने चोवीस लिहिलं.