रविवारचं अर्घ्य

सुचित्राने तांब्याचा गडू भरला, हातमोजे काढले आणि दारातच थांबली.

गॅलरीच्या कठड्यावर ऊन चढलं होतं. खाली लालबागच्या चाळीच्या चौकात पोरं क्रिकेटवरून भांडत होती. हे आवाज ती लहानपणापासून ऐकत आली होती, पडद्याआडून.

"ये गो, सूर्यनारायण वर आला," आईने गॅलरीतून हाक मारली.

दर रविवारचा नेम. सुचित्रा शाळेत असताना उन्हात तिच्या हातांची आग व्हायची. डॉक्टरांना काही दिसेना, बाई 'नाटकी' म्हणत. एकदा कीर्तनात बुवांनी सूर्याची कथा लावली आणि आईने तिथेच पदर पसरून नवस केला. तेव्हापासून सुचित्रा अर्घ्य देई आणि दुपारभर ओल्या फडक्यात हात गुंडाळून पडून राही. आता केस पांढरे होऊ लागले होते. माणसांत ती बसे ती फक्त दिवस मावळल्यावर, कीर्तनाला.

"काल डॉक्टरीणबाई काय म्हणाली, ते सांगितलं नाहीस."

"रक्ताचा लाल रंग बनताना आधी एक कडं तयार होतं, आई. शेवटी त्यात लोह बसवायचं. ते बसवणारं विकर, एन्झाइम म्हणतात ते, माझ्यात कमी आहे. जन्मापासून."

"मग खजूर खा. सांगून सांगून दमले मी."

"लोह आहे गं. बसवणारा नाही. कडी रिकामीच फिरतात रक्तात."

"फिरू देत. कुणाचं काय जातंय?"

सुचित्रा हसली. पुढचं वाक्य तिने कालपासून गिळून ठेवलं होतं.

"थकवा येतो त्याने," ती म्हणाली आणि गडू घेऊन उंबऱ्याबाहेर आली.

ऊन मनगटावर पडलं. चेहरा तिने हलू दिला नाही. इतक्या वर्षांत तेवढं जमलं होतं. बोटं मात्र आपोआप गडूच्या सावलीत सरकली.

आई त्या बोटांकडे बघत राहिली.

"त्या रिकाम्या कड्यांवर... ऊन पडलं की गो?"

सुचित्राने मनगटही सावलीत ओढलं. खाली कुणीतरी आउट झालं.

आईने तिच्या हातातला गडू घेतला, तिला आत लोटलं आणि स्वतः दारात उभी राहिली. सूर्याकडे पाठ करून. तिची सावली सुचित्राच्या पायांपर्यंत आली.

"हात पुढे कर."

तिने गडू कलता केला आणि अर्घ्याची धार लेकीच्या ओंजळीत सोडली. ओठ नेहमीसारखेच पुटपुटत होते. सूर्याच्या नावाच्या जागी आज दुसरंच काही होतं; पोरांच्या ओरड्यात सुचित्राला ते ऐकू आलं नाही.