पाच मिलिमीटरचं भोक

सव्वाअकरा वाजता गफ्फारने पुढच्या कॅरिअरची डावी पट्टी सोडवली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

सायकल उलटी टेकवलेली होती. दोन्ही चाकं निघाली होती, पायडलं कागदात गुंडाळून झाली होती. दारव्ह्यातल्या त्याच्या दुकानासमोर पुठ्ठ्याचं लांबट खोकं तोंड उघडून पडलं होतं. सुरभीचं विमान नागपूरहून संध्याकाळी साडेसातला होतं. तिथून कोलकाता, मग हनोई. गाडी एकच्या सुमारास निघाली तरच खोकं वेळेवर जमा होणार होतं. गफ्फारला हे सगळं पाठ होतं. सात महिने तो आणि सुरभी याच प्रवासाच्या मागे होते.

पुढचं चाक ज्या दोन पायांच्या चिमट्यात बसतं, त्याच्या डाव्या पायाला पाच मिलिमीटरचं भोक होतं. भोकापासून केसाएवढी एक रेघ खाली गेली होती. गफ्फारने बोट ओलं करून ती पुसली. रेघ गेली नाही. त्याने नख फिरवलं. नख अडकलं.

सुरभीला या भोकाचा पत्ता नव्हता. ते गफ्फारनेच पाडलं होतं.

सुरभी बोरी अरबच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. चौतीस वर्षांची, लग्न न केलेली, वहीत लिहून काम करणारी. व्हिएतनामच्या डोंगरांत तीन आठवडे सायकलने फिरायचं तिने ठरवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी ती वही घेऊन दुकानात आली होती. त्यात एक ओळ लाल पेनने होती. तिने ती वाचून दाखवली होती, "चिमट्याले भोक नाही पाडायचं, चाचा. अ‍ॅल्युमिनियमचा आहे. पट्ट्यायनंच कॅरिअर लावा."

गफ्फारने पट्ट्या लावल्या. पण पूर्ण सामान लादून ती उमरखेडला जाऊन आली, तेव्हा पट्ट्या बोटभर घसरल्या होत्या. "टाकून जा. घट्ट करून देतो," तो म्हणाला. ती गेल्यावर त्याने ड्रिल काढलं, चिमट्याच्या दोन्ही पायांना एकेक भोक पाडून बोल्ट बसवला आणि वरून पट्टी अशी आवळली की बोल्ट दिसू नये. छत्तीस वर्षं तो दूधवाल्यांच्या आणि सिलिंडरवाल्यांच्या सायकलींना भोकं पाडत आला होता. एकही चिमटा तुटला नव्हता. पण ते सगळे लोखंडी होते.

त्यानंतर सुरभी दोनदा कळंबला जाऊन आली. कॅरिअर तसूभर हललं नाही. "चाचा, तुमच्या हातात जादू आहे," ती म्हणाली होती, आणि गफ्फार हसला होता.

तो आता बोलेरोकडे पाहत होता. बॉनेटला टेकून सुरभीचे वडील विठ्ठलराव चहा पीत होते. एकट्या मुलीने परदेशात सायकल चालवायची, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. महिनाभर घरात अबोला झाल्यावर ते इथं आले होते आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गफ्फारभाई, मले सायकलीतलं काही समजत नाही. तुम्ही म्हणा पक्की आहे, मी अडवणार नाही."

"पक्की आहे, भाऊ," गफ्फारने सांगितलं होतं.

पट्टी पुन्हा आवळून खोकं बंद केलं, तर कोणाला काही दिसणार नव्हतं. चिमटा कदाचित तीन आठवडे टिकलाही असता. पण सुरभीने त्याला नकाशा दाखवला होता. त्यातला एक उतार सलग अठरा किलोमीटरचा होता, एका बाजूला दरी.

"झालं का, चाचा?" सुरभी ट्यूबची पाकिटं मोजत म्हणाली.

"बेटा, इकडं ये." त्याने पाना खाली ठेवला. "भाऊ, तुम्हीपण या."

त्याने दोघांना रेघ दाखवली आणि भोक कोणी, कधी, कशासाठी पाडलं ते सांगितलं. सांगताना तो चिमट्याकडेच पाहत होता.

सुरभी बसली. रोग्याला विचारावं तसं तिने विचारलं, "उजव्या पायाले पण?"

"हाव. तिथं रेघ नाही. अजून नाही."

"म्हणजे कळंबले गेलती तेव्हा मी याच्यावरच होती? दोन्ही वेळा?"

"हाव."

"मी नाही म्हटलं होतं, चाचा. लाल अक्षरात लिहून आणलं होतं."



विठ्ठलरावांनी उरलेला चहा रस्त्यावर फेकला. "सुरभी, सामान उतरव. घरी चाल."

"बाबा, दोन मिनिटं."

"कायची दोन मिनिटं? या माणसाच्या शब्दावर मी पोरगी पाठवून राह्यलो होतो! अन् हा भोकं पाडून वरून झाकून राह्यला!"

"उपाय काय?" सुरभीने गफ्फारला विचारलं. वडिलांकडे तिने पाहिलं नाही.

"चिमटा बदलणं."

"नवा कुठं भेटते?"

"नागपुरात. तो शोधत बसली तं विमान जाईन." त्याची नजर दुकानाच्या भिंतीकडे गेली. तिथं त्याची मुलगी आरजू हिची सायकल उभी होती. ती मुळात सुरभीचीच. नवी घेतल्यावर सुरभीने ती आरजूला दिली होती. कंपनी तीच, चाकाचं माप तेच, पण चिमटा लोखंडी. मडगार्डसाठीची भोकं कारखान्यातूनच पाडलेली, कॅरिअरचे बोल्ट त्यात बसणारे.

आरजू दारातून सगळं ऐकत होती. "घ्या, अब्बा," ती म्हणाली. "मी आता कॉलेजले सर्कशीसारखी एका चाकावर जाईन." कोणी हसलं नाही. मग तीच पुढे झाली आणि आपल्या सायकलचं पुढचं चाक काढू लागली.

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

भोकवाला चिमटा निघाला. आरजूच्या चिमट्याच्या बुडाशी बसणारी कडी अर्ध्यात अडकली. पाइपचा तुकडा लावून, फिरवत फिरवत, हळू ठोकून त्याने ती खाली नेली. वरची नळी बोटभर जास्त निघाली, तिथं वॉशर भरले. घाम डोळ्यांत जात होता. आरजू न सांगता पाना हातात देत होती. विठ्ठलराव गाडीपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून गाडीपर्यंत फेऱ्या घालत होते.

"अन् हा चिमटा पक्का आहे, हे कोण सांगन?" ते मध्येच म्हणाले. "हेच गफ्फारभाई?"

"मी पाह्यते," सुरभी म्हणाली.

तिने मोबाइलचा टॉर्च लावला, रॉकेलच्या फडक्याने चिमटा वरून खालपर्यंत पुसला, आणि दोन्ही पायांवर, जोडांवर, आतल्या बाजूने नख फिरवत गेली. दहा मिनिटं लागली. गफ्फार बाजूला हात पुसत उभा राहिला. त्याच्या दुकानात त्याचं काम आजवर कोणी तपासलं नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कॅरिअर लावून पाहू."

कॅरिअर बसलं. सुरभीने त्यावर दोन्ही हातांनी भार दिला, मग आरजूला वरून दाबायला लावलं. हललं नाही. पुन्हा सगळं सुटं करून खोक्यात भरेपर्यंत एक वाजला. वजन विमानातल्या तेवीस किलोंच्या मर्यादेवर चाललं होतं. सुरभीने आईने दिलेला चिवड्याचा डबा काढून आरजूच्या हातात दिला आणि खोक्याला चारही बाजूंनी टेप मारला.

विठ्ठलराव एव्हाना गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी इंजिन सुरू केलं. गाडी नागपूरकडे जाणार की घरी बोरीकडे, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि सुरभीने विचारलंही नव्हतं.

ती गफ्फारसमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, आणखी काही आहे? तुम्हाले माहीत आहे अन् मले माहीत नाही, असं?"

गाडी सुरू होती. घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती. नाही म्हणणं सोपं होतं, आणि बहुतेक खरंही ठरलं असतं. गफ्फारने डोळे मिटले आणि सायकल डोक्यात पुन्हा एकदा पहिल्यापासून जोडत आणली. चेन, ब्रेक, हब, रिंग.

"मागच्या चाकाचा एक स्पोक," तो म्हणाला. "डाव्या बाजूचा. वाकला होता. नवा टाकाले पाह्यजे होता, मी ठोकून सरळ केला अन् तोच लावला."

"त्यानं काय होईन?"

"बहुतेक काहीच नाही. तुटला तं चाक वाकडं होईन."

"नवा किती वेळात बसते?"

"सात मिनिटं. चाक नीट फिरवून पाह्यलं तं दहा."

सुरभीने त्याच्या टेबलावरचा कटर उचलला आणि नुकताच मारलेला टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडला.

"बदला," ती म्हणाली.

मागे इंजिन बंद झालं. विठ्ठलराव खाली उतरले, बाह्या सारल्या आणि खोक्याजवळ येऊन गुडघ्यावर बसले.

"चाक मी धरतो," ते गफ्फारला म्हणाले. "तुम्ही हात चालवा. नागपूर चार तासांचा रस्ता आहे."