गाडीवरचा नमदा

ओला मोजा काढायला म्हणून जिपारानं मेरिमची टाच मांडीवर घेतली. मोजा पोटरीखाली सरकला तसा पोरीनं पाय झटकन ओढून घेतला.

"काय गं, टोचतंय?"

"नाही, वहिनी."

"मग पाय लपवतेस कशाला? बघू."

चार वर्षांच्या मेरिमनं आधी दाराकडं बघितलं. तिची आजी, म्हणजे जिपाराची सासू, गोठ्यात गाईशी काहीतरी पुटपुटत होती. तो आवाज लांबच आहे याची खात्री झाल्यावर तिनं पाय पुढं केला.

पोटरीला आतल्या बाजूनं जुन्या रुमालाची पट्टी होती. मेंढीच्या चरबीचा वास येत होता. जिपारानं पट्टी बोटभर सरकवली. खाली भाजल्याचा डाग, दोन बोटं रुंद, अंगठ्याएवढा लांब, किंचित वाकडा. कडा सुकत आल्या होत्या, मधे अजून ओल होती.

"हे कधी झालं?"

"समोवर लागला," मेरिम म्हणाली.

कधी ते विचारलं होतं, कशानं ते नाही.

"असं म्हणायला कुणी सांगितलं?"

"आईनं."

आई म्हणजे आजी. पहिलं मूल आजीआजोबांचं, ही तिथली रीत. पोर चाळीस दिवसांची झाल्यावर जिपारानंच तिला सासूच्या ओटीत घातलं होतं. मेरिम आजीला आई म्हणायची, बापाला दादा, आणि जिच्या पोटातून आली तिला वहिनी. सगळे एका छपराखाली होते तोवर जिपाराला ते सोसवत होतं, कारण रात्री कूस बदलली की पोरीचा श्वास ऐकू यायचा. पण वसंतात जिपाराच्या नवऱ्यानं, मेदेरनं, नदीपलीकडं वेगळं घर केलं. गाद्या, भांडी, शिलाईचं यंत्र, सगळं मोटारसायकलच्या साइडकारमधून तीन खेपांत गेलं. मेरिम सासूचा झगा धरून उंबऱ्यात उभी राहिली आणि खेपा मोजत राहिली. चौथी खेप झालीच नाही.

"मेरिमला आपल्याकडं न्यायचं आईंना विचार ना एकदा," असं तिनं मेदेरला उन्हाळाभर म्हणून पाहिलं. "विचारतो," म्हणून तो कडबा रचायला निघून जायचा. सासऱ्यांना, आबांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या अंथरुणातली ती एवढीशी ऊब काढून घ्यायला त्याची जीभ रेटत नव्हती.

आज भेटीला आल्यावर मात्र कारण मिळालं होतं. जिपारानं पट्टी पुन्हा बांधली, आणि ते कारण हाती आल्यावर मनात कुठंतरी बरं वाटलं, याची तिला लाजही वाटली.

सासू गोवऱ्यांची पाटी डाव्या काखेत घेऊन आत आली. उजवा हात बाहीत.

"आई, हिचे लाल मोजे कुठं आहेत? मी विणलेले."

"धुवायला टाकलेत."

"मागच्या गुरुवारी घातलेले होते. सहा दिवस वाळताहेत?"

"नोव्हेंबरचं ऊन आहे, सूनबाई. तुझ्या जिभेसारखं चटकन लागत नाही."

जिपारा हसली नाही. समोवर, चहाचं पाणी उकळायचं ते तोटीचं भांडं, कोपऱ्यात उंच फळीवर होता. मेरिम रांगायला लागली तेव्हा सासूनंच ती फळी ठोकून घेतली होती, पोरीचा हात पोचू नये म्हणून. हात पोचत नाही तिथं पोटरी कशी पोचेल? जिपाराची नजर चुलीकडं गेली. चुलीचं झाकण गुडघ्याच्याही खाली. पलीकडं लोखंडी चिमटा टेकवलेला होता. त्याचं पातं दोन बोटं रुंद, टोकाला वाकडं.

तिनं चिमट्याकडं बघितलं, मग सासूच्या बाहीकडं. मेरिम हट्टी होती. एकदा नाही म्हणाली की साखर दाखवली तरी ऐकायची नाही. आणि सासू बासष्टची, एकटी, गुडघ्यांनी दमलेली. माणूस दमलं की त्याच्या हातून काय होईल, कुणी सांगावं?

"हात दुखतोय का, आई?"

"या वयात काय दुखत नाही ते विचार, लवकर संपेल."

"बघू तरी."

"काय बघायचंय? माझ्या हातात तुला देण्यासारखं काही उरलंय का?"

वाक्य चेष्टेत निघालं होतं, पण पुरं होईपर्यंत दोघींनाही त्यात दुसरंच काही ऐकू आलं. सासू पाठ वळवून चूल फुंकायला बसली. मेरिम एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत बोर्सोकचा तळलेला तुकडा बारीक बारीक कुरतडत होती.

जिपारा बाहेर पडली. मेदेरला आत्ताच सांगायचं, तो नाही बोलला तर आपणच बोलायचं, असं ठरवून.

मेदेर अंगणात गाडीपाशी उकिडवा बसून साखळी ताणत होता. बापाच्या वेळची मोटारसायकल, उजव्या हाताला साइडकार. तिच्यावरचा जाड लोकरीचा नमदा त्यानं कामापुरता मागं सारला होता. हा नमदा टाकायचं काम जिपाराचं. घामेजलेला घोडा गारठ्यात उघडा ठेवत नाहीत, सून त्याच्या पाठीवर पांघरूण टाकते. घोडा विकून गाडी आली तरी आबा म्हणायचे, हिलाही थंडी वाजते, इंजिन गोठलं की सकाळी चालत जाल. तेव्हापासून मेदेर उतरला की ती गाडी नमद्यानं नीट झाकायची, चारी बाजूंनी दाबून, एखाद्या लेकराला झाकावं तशी.

"सांभाळून, पाइप तापलेला आहे," मेदेर मान वर न करता म्हणाला. "वरून झाकला की तासभर निवत नाही."

जिपारा होती तिथंच थांबली.

ती गाडीच्या डाव्या बाजूला गेली. ही बाजू भिंतीकडची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून न दिसणारी. पायदांडीच्या जरा वर धुराच्या पाइपची नळी वळून खाली येत होती. दोन बोटं रुंद, किंचित वाकडी. वळणावर काहीतरी वितळून चिकटलं होतं. तिनं खाली बसून वाकून बघितलं. काळपट, आणि एका कडेला अजून लाल. मोजे लवकर विरू नयेत म्हणून तिनं लोकरीत नायलॉनचा धागा घालून विणले होते.

"गाडीला ताप आलाय का?" मेदेर म्हणाला. "कपाळ चाचपल्यासारखं काय बघतेस?"

"मागच्या गुरुवारी आपण रस्सा खात होतो, तेव्हा आई गोवऱ्या आणायला बाहेर गेल्या होत्या ना?"

"असतील. का?"

"बराच वेळ लागला होता."

"म्हाताऱ्या बाईला लागतो वेळ. तुलाही लागेल."

तो गुरुवार आता तिला तुकड्यातुकड्यांनी आठवू लागला. गाडी तिनंच झाकली होती, चारी बाजूंनी दाबून. सासू परत आली ती गोवऱ्यांशिवाय, उजवा हात बाहीत ओढून. मेरिम कुठं, असं विचारल्यावर म्हणाली, झोपली, आज लवकर डोळे मिटले तिचे. आणि मेदेर रस्सा भुरकत म्हणाला होता, बरं झालं, नाहीतर निघताना पुन्हा उंबऱ्यात उभी राहते. कुणाच्या रडण्याचा आवाज आला नव्हता. एवढं भाजलं तरी पोर रडली कशी नाही?

रडली असती तर सापडली असती.

जिपारा उठून साइडकारकडं गेली. नमद्याची कड उचलून तिनं आत, पाय ठेवायच्या अंधाऱ्या टोकापर्यंत हात घातला. एक पाना, एक रिकामी बाटली, आणि त्यांच्यामागं कापडाचं गाठोडं. डोक्याच्या रुमालात बांधलेलं, गाठ अशी की चार वर्षांच्या बोटांनीच बांधावी. आत झोपायचा फ्रॉक होता, एकच हातमोजा, आणि तीन बोर्सोक. ते दगडासारखे झाले होते.

तिनं गाठ परत होती तशी बांधली. मग गाठोडं मांडीवर घेऊन साइडकारच्या चाकाशी बसून राहिली.

"काय मिळालं?" मेदेरनं विचारलं.

"काही नाही. तुझा पाना."

वर बघितलं तर खिडकीत सासू होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. काचेला टेकलेला उजवा तळहात रुमालात गुंडाळलेला, बोटं अर्धी वळलेली. तापलेल्या नळीवरून पोर उचलायची तर हात कुठं ठेवणार? समोवर म्हण, असं तिनं पोरीला का शिकवलं असेल? कारणं दोन होती. सुनेनं टाकलेल्या नमद्यामुळंच नळी तापलेली राहिली, हे सुनेला कळू नये. आणि पोर कुठं निघाली होती, तेही कळू नये. यातलं कुठलं खरं, हे त्या चेहऱ्यावरून ठरत नव्हतं. कदाचित काचेपलीकडच्या बाईलाही ठरवता आलं नसेल.

जिपारानं गाठोडं होतं तिथं परत ठेवलं.

मग ती गोठ्यापाशी गेली, दुधाची जुनी बादली उचलून आणली आणि साइडकारच्या बाजूला पालथी घातली. खिडकीच्या अगदी समोर. तिच्यावर पाय ठेवला की कुठल्याही पोराला काही न भाजता आत उतरता येईल, एवढी उंच.

"इथं कशाला? मी अडखळेन," मेदेर म्हणाला.

"डोळे उघडे ठेवून चाल."

दार वाजलं. सासू बाहेर आली, तिच्या झग्याला धरून मेरिम. आभाळ खाली आलं होतं, बर्फ पडेलसं वाटत होतं.

"नमदा घाल गं गाडीवर," सासू म्हणाली. "गारठा आहे."

"आज उघडीच राहू दे, आई. निवू दे."

सासूनं मान हलवली. मग तिची नजर बादलीवर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. मेरिमनं झगा धरलेली मूठ आणखी घट्ट केली.

सासू पुढं आली. बादलीवर पाय ठेवून तिनं हलवून पाहिली. एका अंगाला डुगडुगत होती. ती सावकाश खाली बसली, चाकाशी पडलेला एक चपटा दगड डाव्या हातानं ओढला, आणि बादलीच्या कडेखाली सारून पुन्हा हलवून पाहिली.