सर्वांत जास्त पाहिलेला रिपोर्ट

गाद्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला आकडेताई म्हणत. कुठलं मशीन बिघडलंय, किती गाद्या परत आल्या, हे रंगीत तक्त्यांत मांडून ती सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवायची. बघत कोण होतं म्हणा!

मग नवे साहेब आले आणि आल्या आल्या फर्मान सुटलं, "जो रिपोर्ट कुणी उघडत नाही तो बंद. बनवणारा माणूससुद्धा." आता कोणता रिपोर्ट किती वेळा उघडला, हे मोजायचं कुणी? आकडेताईनेच! म्हणजे आपल्या फाशीचा दोर आपणच वळायचा की.

तिने मोजलं. परत आलेल्या गाद्यांचा रिपोर्ट तिने डोळ्यांत तेल घालून केलेला. तीन नंबरच्या मशीनवर बनलेल्या गाद्यांच्या स्प्रिंगा तुटतात, असं त्यात लालभडक लिहिलं होतं. त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पहिला नंबर विक्रीच्या रिपोर्टचा. का, तर तो कँटीनच्या टीव्हीवर लावलेला. टीव्ही रात्रंदिवस चालू, दर मिनिटाला रिपोर्ट नव्याने उघडायचा आणि दर वेळी एकाची भर पडायची. समोर माणसं मान खाली घालून जेवत होती.

घरात कमावती ती एकटीच. तिने गुपचूप टीव्हीवर आपला रिपोर्ट लावून टाकला.

महिन्याभरात साहेब खूश! सगळ्यांसमोर टाळ्या झाल्या, बक्षीस म्हणून कारखान्याचीच नवी कोरी गादी मिळाली. मग साहेबांनी हळूच विचारलं, "ताई, असतं काय हो त्यात?"

"तीन नंबरच्या मशीनच्या स्प्रिंगा तुटतात, साहेब."

"आणि किती वेळा पाहिलं म्हणालात?"

"चाळीस हजारांवर."

"मग कुणीतरी केलंच असेल की काहीतरी!" साहेब मोकळे झाले. खरं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नोकरी आठवली आणि तिने ते गिळलं.

रविवारी दुपारी सासूबाई नव्या गादीवर आडव्या झाल्या आणि ओरडतच उठल्या, "अगं बाई, काय टोचलं गं हे?"

तिने गादीची कड उलटून पाहिली. बारीक शिक्का होता, मशीन तीन.

"काही नाही आई, तुम्ही आपल्या जुन्या गादीवरच झोपा."

सोमवारी तिने गादी मुकाट्याने परत धाडली, आपल्या रिपोर्टात एकाची भर घातली, आणि कँटीनमधला टीव्ही चालू आहे ना, तेवढं बघून आली.