पूर्वपक्षाची शिक्षा

सांगतो ते तुम्ही खरं मानणार नाही, पैज लावा. आमच्या बोरगाव मेघेत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं बोलणं एका जिवंत बाईच्या गळ्यात अडकलं, आणि त्या गळ्याभोवती तिच्याच माणसांनी फास ओढला.

पौर्णिमा मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. नोकरी कंत्राटी; पण आई धुरपताबाईनं निंदण करून शिकवलेली पोर, म्हणून बौद्ध वस्तीत मान मोठा. शिकवण्याची रीत जुनी. ज्याचं खोडायचं, आधी त्याच्याच तोंडानं बोलायचं, असं की तो स्वतः उठून टाळी देईल. हा पूर्वपक्ष. मग दुसऱ्या दिवशीच्या तासाला उत्तरपक्ष, म्हणजे त्याच्या चिंध्या. त्या दिवशी त्यांनी एका प्राचीन धर्मशास्त्रकाराची बाजू घेतली. "बाईला स्वातंत्र्य नको, खालच्यांना विद्या नको," हे इतकं ठासून बोलल्या की काजल नावाच्या विद्यार्थिनीनं मोबाईलवर टिपलं आणि कौतुकानं ग्रुपवर टाकलं.

दुसरा तास व्हायच्या आत व्हिडिओ हिंगणघाटला पोहोचला होता.

धुरपताबाई शेजारच्या चिंधूकडे बारशाला गेली. पाळण्याची दोरी धरली, तर चिंधूच्या बायकोनं ती हातातून ओढून घेतली. "मावशी, तुमच्या पोरीले आमचं शिक्षण नाई पायजे न? मंग आमच्या लेकराले हात नका लावू."

म्हातारी घरी येऊन भिंतीला टेकली. "काऊन बोलली वं तू असं?"

"माय, ते माहं नव्हतं. उद्या खोडणार होती."

"उद्या? लोकायले आजच आयकू आलं न!"

पौर्णिमानं उद्याच्या तासाची वही उघडली. शास्त्रकाराला द्यायची सगळी उत्तरं तिच्यात तयार होती.

संस्थेचे अध्यक्ष हरिभाऊ. त्यांच्या घरी सून विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. त्यांनीच पौर्णिमाच्या वर्गात सभा भरवली, पोरं बसवली, वस्तीतले लोक बोलावले आणि टेबलावर मूठ आपटली. "स्त्रियांचा अपमान या संस्थेत खपणार नाही! माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"साहेब, दुसरा भाग ऐका. अर्धाच तास."

"माफीला दोन मिनिटं पुरतात."

"जे मी मानतच नाही, त्याची माफी कशी मागू? आणि शिकवल्याची तर मागणारच नाही."

मग काय विचारता! मॅडम फळ्याशी गेल्या, शास्त्रकाराचं एकेक वाक्य असं उभं फाडलं की पंखा फिरायचा थांबला, हरिभाऊंनी टोपीनं डोळे पुसले, चिंधूची बायको धुरपताबाईच्या पाया पडली आणि सगळ्या वस्तीनं मॅडमला खांद्यावर घेऊन...

"खोटं!"

माझी गोष्ट ऐकणाऱ्यांत मागं बसलेली काजल उभी राहिली होती.

"आबाजी, कायले बनवून राह्यले? मॅडम फळ्याकडे वळल्या तं सारे उठून चालले गेले. कोणीच आयकलं नाई. मी पह्यल्या बाकावर होती. मॅडमनं माह्याकडे पाह्यलं... आन् मी बी उठली."