सतरंजीखालचा रंग

शेवगावच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून उसाच्या शेतांतून आत गेलं की एक जुनं चर्च लागतं. भिंती दगडी, वर कौलं आणि खाली सागवानी फळ्यांची जमीन. अशी जमीन आसपास कुठेच नाही, हे गावकरी अभिमानानं सांगतात आणि लगेच तक्रारही करतात. हिवाळ्यात ती करकरते, पावसाळ्यात फुगते. गेल्या वर्षी तिला वाळवी लागली. चर्चच्या मधोमध, डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत, चार-पाच फळ्यांचा आडवा पट्टा आतून पोखरून गेला.

खजिनदार यशया साळवे यांनी ही संधी सोडली नाही.

“सगळीच काढून टाकू आन् टाइल्स बसवू,” ते मंडळीच्या बैठकीत म्हणाले. “शिंगणापूरच्या त्या नव्या लॉजमधी जाऊन बघा. वाकलं की तोंड दिसतंय.”

“चर्चात तोंड बघायला येता व्हय?” समोरून आवाज आला. गोजरबाईंचा. त्या यशयांच्या पत्नी असल्यानं त्यांना उत्तर देण्याची सोय नव्हती.

वाळवी लागलेल्या फळ्या बदलण्याचं काम हन्ना उजागरेनं मागून घेतलं. हन्ना याच गावची. नगरला सावेडीत तिचं फर्निचर आणि पॉलिशचं दुकान आहे. लहानपणी उपदेश लांबला की ती फळ्यांवरच्या रेषांवरून बोट फिरवत बसायची आणि आईची चापट खायची. लाकडाचा नाद तिला तिथेच लागला. ती जमीन टाइल्सखाली जाणं तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. हन्नानं पट्टा बदलावा. जुनं आणि नवं एकसारखं दिसलं तर जमीन राहील. ठिगळ दिसलं तर टाइल्स. निर्णय रविवारच्या उपासनेनंतर, सगळ्यांसमोर.

यशयांनी आनंदानं मान डोलावली. न दिसणारं ठिगळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी शेवगावच्या टेम्पोवाल्याला माल भरून तयार राहायला सांगितलं.

नवं सागवान बसल्यावर उघडंनागडं दिसत होतं. हन्ना आणि तिचा पॉलिशवाला गोरक्षनाथ आठवडाभर त्याच्या मागे लागले. तिची पद्धत पक्की होती. रंग डब्यावरच्या चित्रावरून ठरवायचा नाही. त्याच नव्या फळीचे उरलेले तुकडे घ्यायचे, जमिनीइतकेच घासायचे, प्रत्येकावर वेगळं मिश्रण लावायचं, वर पॉलिशचा शेवटचा हातही द्यायचा, कारण त्या हातानं रंग बदलतो. वाळल्यावर तुकडा जुन्या फळीला लावून बघायचा, तोही दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

“कोऱ्या चहासारखा आलाय,” गोरक्षनाथ म्हणाला.

“चहा नको. लाल जास्त पाहिजे.”

“मग गुळाच्या चहासारखा करू.”

पुष्कळ तुकडे फुकट गेले. शेवटी एक असा उतरला की जुन्या फळीवर ठेवल्यावर हन्नानं स्वतःच दोनदा पाहिलं. त्याच मिश्रणानं त्यांनी सगळा पट्टा रंगवला. रविवारी सकाळी लोक यायच्या आत ती पट्ट्यावरची सतरंजी मागे दुमडून तिच्या कडेला बसली, जमिनीकडे पाहिलं आणि सांधा सापडला नाही. तिनं समाधानानं ओढणी सावरली.

या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, खाली सतरंजीवर. पुरुष उजवीकडे, बाकांवर. हे कुणी आणि कधी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही.

उपासना संपली. पाळकसाहेबांनी विचारलं, “काय मंडळी? दिसतंय का?”

“दिसतंय!” उजवीकडून पुरुष एकदम म्हणाले.

“कुठं दिसतंय?” डावीकडून बायका म्हणाल्या.

“अहो, हितं! लालभडक! बैलाच्या पाठीवर रंग सांडल्यावानी!” यशया उभे राहून पायाखाली बोट दाखवू लागले.

“ह्या माणसाला टाइल्स पायजेत, म्हनून लाल दिसतंय,” गोजरबाईंनी शेजारणीला सांगितलं, पण चर्चभर ऐकू जाईल अशा आवाजात. “ए हन्ना, लक्ष नको देऊ.”

बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. पाळकसाहेब एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

हन्ना उठली. मधली वाट ओलांडून उजवीकडे गेली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. बाकावरचे लोक दचकून सरकले. तिनं खाली पाहिलं. जुन्या फळ्या पिवळट, मधासारख्या होत्या, आणि त्यांच्यातून लाल पट्टा सरळ भिंतीपर्यंत गेला होता. शाळेतलं पोरसुद्धा दाखवू शकलं असतं.

जमीन एका रंगाची नव्हतीच. बायकांकडच्या फळ्या वर्षानुवर्षं सतरंजीखाली झाकलेल्या राहून लालसर राहिल्या होत्या. पुरुषांकडच्या फळ्या दक्षिणेच्या खिडक्यांतून रोज ऊन पडून पिवळट झाल्या होत्या. चर्च रिकामं असतानाही हन्ना आठवडाभर नमुने घेऊन बसली होती ती डावीकडेच; उजवीकडचा पट्टा गोरक्षनाथनंच रंगवला होता. उजवीकडे बसावं हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“दिसतंय, मामा,” ती यशयांना म्हणाली. “माझं चुकलं.”

दाराशी उभा असलेला गोरक्षनाथ पुटपुटला, “ताई, मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलंय. बायकांचं-पुरुषांचं बसणं वेगळं, तसा रंग.”

“झालं तर मग,” यशया म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढला. “टेम्पोला बोलावतो.”

“थांबा,” हन्ना म्हणाली. “पट्टा अर्धा चुकलाय, मामा. अर्धा नाही. तुम्ही तिकडे बसून बघा आणि मग फोन करा. तिकडेही दिसला, तर टाइल्स मी स्वतः उतरवून घेते.”

“मी? बायकांत?”

“मी नाही का बसले पुरुषांत?”

पाळकसाहेबांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवून परवानगी दिली. यशयांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मधली वाट ओलांडली. लग्नाच्या दिवशी दोघं वेदीपुढे शेजारी उभे होते, त्यानंतर या चर्चमध्ये ते बायकोच्या जवळ आले ते आज. गोजरबाईंनी सतरंजीवर सरकून जागा केली.

“बसा. चावत न्हाई मी.”

गुडघे धरून ते कसेबसे बसले. सतरंजीच्या कडेला वाकले. फळ्यांवरून तळहात फिरवला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला. नख लावून पाहिलं. बायका श्वास रोखून त्यांच्या टोपीकडे बघत होत्या.

“हितनं सुरू हुतंय,” ते म्हणाले.

“ती जुनी फळी हाय,” गोजरबाई म्हणाल्या. “माझ्या पायाखालची. मला म्हाईत न्हाई व्हय?”

“मग ही.”

“ती बी जुनी.”

यशयांनी फळीवरचा हात मागे घेतला. मग हन्नाकडे न बघता म्हणाले, “आमच्याकडं बी असंच येईल का गं?”

“येईल. पण तुमच्या बाजूचा रंग तुमच्याकडे बसूनच काढावा लागेल.”

त्याच दुपारी काम सुरू झालं. गोरक्षनाथनं उजवीकडचा पट्टा पुन्हा घासायला घेतला आणि हन्ना पहिल्या बाकावर नवे तुकडे मांडून बसली. जेवून परत आलेले पुरुष भोवती जमले. या जमिनीच्या रंगाबद्दल आपल्याला मत आहे, हे त्यांना आजच कळलं होतं.

“जरा पिवळा वाढव.”

“पिवळा न्हाई, वाळल्या गवताचा पायजे.”

“तू गप. तू मागच्या बाकावरचा.”

यशया सगळ्यांना ढकलून पुढे आले. एक तुकडा उचलून खिडकीच्या उन्हात धरला, जमिनीला टेकवला, डोळे बारीक केले.

“लई काळा. दुसरा दे.”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. टेम्पोवाला होता. माल भरून सकाळपासून उभा आहे, आता कुठे उतरवू, असं ओरडून विचारत होता. शेजारच्या दोन बाकांना ऐकू गेलं.

“घरी उतरव माझ्या,” यशया म्हणाले. “ओट्यावर बसवीन.”

“न्हाई हां!” समोरच्या सतरंजीवरून गोजरबाई कडाडल्या. “माझ्या ओट्यावर न्हाई! पाय घसरला म्हंजे?”

यशयांनी फोन कानापासून लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला.

“दुकानात परत ने रे,” ते हळूच म्हणाले. “आन् सारखा फोन करू नको. आमी रंग बघतोय.”